घशातले जंतू आणि कपाळावरचा शिक्का

पत्र :

मॅडम, मी एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूमध्ये स्टाफ नर्स आहे. वय ३१. आठ दिवसांपूर्वी पहाटे कॉलेजचा एक मुलगा आला. रात्रीपासून ताप, डोकं फुटेल असं दुखणं, मग बेशुद्ध. पायांवर जांभळे डाग होते. आल्या आल्याच फिट आली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ट्यूब टाकली, मी शेजारी उभी राहून सक्शन केलं, म्हणजे तोंडा-घशातला स्राव नळीने ओढून काढला. धावपळीत माझा मास्क हनुवटीवर घसरला होता, डॉक्टरांचाही नव्हता. मुलगा वाचला, आता वॉर्डमध्ये आहे. दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट आला : मेनिंगोकॉकल मेनिन्जायटिस, म्हणजे मेनिंगोकॉकस या जंतूमुळे होणारा मेंदूज्वर. मग आमच्याकडे २६ जणांचे घशाचे स्वॅब घेतले. नर्स, डॉक्टर, मामा, मावशी, इतकंच काय, खालच्या रिसेप्शनवरची मुलगीसुद्धा. तिघं पॉझिटिव्ह निघालो : मी, एक मामा आणि ती रिसेप्शनवरची मुलगी, जिने त्या पेशंटला पाहिलंही नव्हतं. आम्हा तिघांना सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची एकेक गोळी दिली आणि ‘स्वॅब निगेटिव्ह येईपर्यंत येऊ नका’ म्हणून बिनपगारी घरी बसवलं. भूल देणारे डॉक्टर निगेटिव्ह आले म्हणून त्यांना काही दिलं नाही. ग्रुपवर सगळ्यांना आमची नावं कळली. घरी सासूबाई माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाला माझ्याजवळ येऊ देत नाहीत. तो दाराबाहेर बसून रडतो. मला साधा खोकलाही नाही. मी आजारी आहे का? माझ्यामुळे मुलाला काही होईल का? ही नोकरी सोडून द्यावी असं वाटतंय.

– एक सिस्टर

उत्तर :

सिस्टर, तुमचं पत्र ज्या संध्याकाळी मिळालं त्याच संध्याकाळी दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतं. ते छापून येण्याची वाट पाहण्यासारखं नव्हतं. इथे पुन्हा लिहिते, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या आयसीयूतही उद्या तसंच घडू शकतं. तुमच्या पत्रात तातडीची बाब तुमचा पॉझिटिव्ह रिपोर्ट नव्हती. भूल देणाऱ्या डॉक्टरांचा निगेटिव्ह रिपोर्ट होती. ट्यूब टाकताना त्यांचं तोंड त्या मुलाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं आणि मास्क नव्हता. अशा माणसाला औषध लागतं, ते स्वॅब काहीही सांगो. आणि ते शक्य तो पहिल्या २४ तासांत. १४ दिवस उलटून गेल्यावर देण्यात अर्थ उरत नाही. तुम्ही लिहिलंत तेव्हा आठच दिवस झाले होते, म्हणून घाई केली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी इंजेक्शन घेतल्याचं तुम्ही कळवलंत, बरं वाटलं.

आता तुमच्याविषयी. तुम्ही आजारी नाही.

हा जंतू, मेनिंगोकॉकस, माणसाच्या नाकाच्या मागे आणि घशाच्या वरच्या भागात राहतो. प्राण्यांत नाही, पाण्यात नाही, मातीत नाही. माणसाचा घसा हेच त्याचं घर. धडधाकट प्रौढांत साधारण दहातल्या एकाच्या घशात तो कधीही सापडू शकतो. लहान बाळांत कमी, वयात येताना वाढत जातो, १९ व्या वर्षाच्या आसपास सगळ्यांत जास्त आणि पुढे पुन्हा उतरतो. येतो, काही आठवडे, काही महिने राहतो आणि निघून जातो. बहुतेकांना तो आला कधी आणि गेला कधी, पत्ताही लागत नाही. तुमच्याकडे २६ जणांत तिघं निघाले. तेच स्वॅब तुमच्या गावच्या एखाद्या बँकेत किंवा शाळेच्या स्टाफरूममध्ये घेतले असते तरी दोन-तीन जण निघाले असते. रिसेप्शनवरच्या त्या मुलीचा रिपोर्ट हेच तर सांगतोय. पेशंटचं तोंडही न पाहिलेल्या मुलीकडे त्याचा जंतू कुठून येणार? तिचा जंतू तिचा स्वतःचा आहे, बहुधा कितीतरी दिवसांपासूनचा. तुमच्या घशातला त्या मुलाकडून आला की आधीपासूनचा होता, हे तुमच्या रिपोर्टवरून कुणालाच सांगता येणार नाही. दोन्ही जंतूंचा गट (ए, बी, सी असे याचे प्रकार असतात) लावून, पुढे त्यांची जनुकं जुळवून पाहिली तरच ते कळतं, आणि तुमच्याकडे ते झालेलं नाही.

मी बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली. घशाचा स्वॅब आला की जंतू वाढवायला तो आम्ही ज्या प्लेटवर फिरवतो तिला चॉकलेट अगार म्हणतात. त्यात चॉकलेट नसतं, तापवून तपकिरी झालेलं रक्त असतं. कार्बन डायऑक्साइडची सोय नसायची तेव्हा आम्ही प्लेटा काचेच्या बरणीत ठेवायचो, आत एक छोटी मेणबत्ती पेटवायची आणि झाकण घट्ट लावायचं. ज्योत विझली की आतली हवा या जंतूला मानवेल अशी झाली. दुसऱ्या दिवशी प्लेटवर दवाचे थेंब पडल्यासारखे राखाडी, चमकदार ठिपके दिसायचे. त्यातला एक ठिपका उचलून ऑक्सिडेजच्या कागदावर घासला की काही सेकंदांत गडद जांभळा होतो. पण तेवढ्यावर मेनिंगोकॉकस म्हणता येत नाही. घशात याच कुळातले दुसरे निरुपद्रवी जंतू नेहमीच असतात आणि तेही जांभळेच होतात. त्यातला लॅक्टॅमिका नावाचा एक तर लहान मुलांत सर्रास आढळतो आणि मेनिंगोकॉकसविरुद्ध शरीराला थोडं तयारच करून ठेवतो. पुढे तो कोणत्या साखरा पचवतो याच्या चाचण्या करून मगच नाव लिहायचं. घाईत हा टप्पा गाळला तर रिपोर्ट चुकतो. तुमच्या रिपोर्टवर गट लिहिलेला नाही, जंतूला कवच आहे की नाही हेही नाही. वाहकांच्या, म्हणजे आजारी नसताना जंतू घेऊन हिंडणाऱ्यांच्या, घशात सापडणारे बरेचसे मेनिंगोकॉकस कवच नसलेले असतात, आणि कवच नसलेला जंतू रक्तात टिकाव धरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हा जंतू फार नाजूक आहे. थंडी सोसत नाही, कोरडेपणा सोसत नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका पेशंटच्या पाठीतलं पाणी कुणीतरी चांगल्या हेतूने रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं होतं. सकाळी प्लेटवर काहीच उगवलं नाही. स्लाइडवर मात्र जोडीजोडीने बसलेले, कॉफीच्या बियांसारखे दाणे स्पष्ट दिसत होते. त्या दिवसापासून ‘निगेटिव्ह’ या शब्दावर मी कधी डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या रिपोर्टने मला धीर वाटला नाही. आणि म्हणूनच तुमच्या साडीवर, मोबाइलवर, मुलाच्या ताटावर हा जंतू बसून राहील ही भीतीही सोडा. शरीराबाहेर तो तग धरत नाही. पसरतो तो थेट लाळेतून, खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून, अगदी जवळच्या आणि बराच वेळच्या सहवासात.

मग आजार होतो कुणाला? अमेरिकेत १९६८ साली फोर्ट डिक्स या लष्करी तळावर नव्याने भरती झालेल्या जवानांचं रक्त आधीच काढून ठेवलं होतं. पुढे त्यांच्यात मेनिन्जायटिसची लागण झाली तेव्हा ते रक्त तपासलं. आजारी पडलेल्यांपैकी ५४ जणांचं रक्त पाहिलं, त्यातल्या फक्त तिघांच्या रक्तात या जंतूला मारणारी प्रतिद्रव्यं आधीपासून होती. आजारी न पडलेल्यांत मात्र ती दर पाचांतल्या चारांकडे होती. आणि ती आली कुठून? बहुतेकांच्या बाबतीत घशात जंतू गुपचूप वस्ती करून गेला होता, त्यातून. नवा जंतू घशात आला आणि त्याच्याशी लढायला शरीराकडे काहीच नसलं, तर आजार होतो, आणि तो बहुधा २ ते १० दिवसांत होतो. महिनोन् महिने जंतू घेऊन हिंडणारा माणूस शक्यतो आजारी पडत नाही. प्लीहा काढलेल्या किंवा रक्तातल्या, जंतूंना मारायला मदत करणाऱ्या पूरक प्रथिनांची जन्मजात कमतरता असलेल्या माणसांची गोष्ट वेगळी, त्यांनी जास्त जपायला हवं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

माझी तक्रार स्वॅबांविषयी आहे, तुमच्याविषयी नाही. मेनिंगोकॉकसचा एक रुग्ण आला म्हणून संपर्कातल्या लोकांचे किंवा स्टाफचे घसे तपासू नयेत, अशीच जगभरची शिफारस आहे. कारण सरळ आहे. १९९७ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठात पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांचे स्वॅब घेतले. पहिल्या दिवशी ६.९ टक्के वाहक होते, चौथ्या दिवशी २३.१ टक्के! चार दिवसांत. म्हणजे सोमवारी घेतलेला स्वॅब गुरुवारी शिळा होतो. त्यात रिपोर्टला दोन-तीन दिवस जातात, आणि औषध तर पहिल्या दिवशी हवं असतं. तुमच्याकडे २६ स्वॅब घेण्याऐवजी ओळीत उभं करून एकच प्रश्न विचारायला हवा होता : त्या पहाटे मास्कशिवाय या मुलाच्या तोंडाजवळ कोण होतं? ट्यूब टाकणारे, सक्शन करणारी, कुणी तोंडाने श्वास दिला असेल तर तो. उत्तरात दोन-तीन नावं निघाली असती, त्यांना त्याच दिवशी औषध मिळालं असतं आणि कुणाच्याही कपाळावर शिक्का बसला नसता. पेशंटच्या घरच्यांना औषध मिळालं का, हे तुमच्या पत्रात नाही. सगळ्यांत जास्त धोका खरं तर त्यांना असतो. एका खोलीत झोपणारी भावंडं, आई, होस्टेलचा रूमपार्टनर. रुग्णाच्या घरात हजारातल्या चौघांना आजार होऊ शकतो, बाहेरच्यांच्या तुलनेत शेकडो पट. कृपा करून वॉर्डमध्ये फोन करून विचारा.

तुमच्या क्षेत्रातला धोका लपवणार नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८२ ते १९९६ या पंधरा वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा रुग्णाकडून हा आजार जडलेले तीन आरोग्य कर्मचारी सापडले. तिघंही पेशंट आल्या आल्या त्याच्या श्वासमार्गाजवळ काम करत होते. संख्या लहान आहे, पण शून्य नाही, आणि ती नेमकी तुमच्यासारख्यांची आहे. म्हणून तुम्हाला औषध मिळालं ते योग्यच झालं. पॉझिटिव्ह आलात म्हणून नव्हे, सक्शन करत होतात म्हणून.

औषधाबद्दल एक शंका मात्र आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जंतू संवेदनशील असेल तर घसा साफ करते. पण दिल्लीत २००५ साली जी साथ आली तिच्यातल्या जंतूंवर सिप्रोचा प्रभाव कमी पडत असल्याचं दिसलं होतं. तेव्हा त्या मुलाच्या कल्चरच्या, म्हणजे वाढवलेल्या जंतूच्या, रिपोर्टवर सिप्रो चालतं की नाही हे लिहिलंय का, ते पाहायला सांगा. चालत नसेल किंवा तपासलंच नसेल तर सेफ्ट्रायॅक्झोनचं २५० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन दंडात किंवा कमरेत, काम झालं. गरोदर सिस्टरलाही तेच देतात. रिफाम्पिसिन हा तिसरा पर्याय, दोन दिवस दिवसातून दोनदा. त्याने लघवी आणि डोळ्यांतलं पाणी नारिंगी होतं, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे आधी सांगितलं नाही तर बायका घाबरतात आणि फसतातही. हे सगळं तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, मनाने दुसरी गोळी घेऊ नका.

औषध घेतल्यानंतर पुन्हा स्वॅब देण्याची गरज नाही. ‘निगेटिव्ह येईपर्यंत येऊ नका’ या अटीला शास्त्राचा आधार नाही. जंतू घशात असलेल्या, पण बऱ्या असलेल्या माणसाला कामावरून दूर ठेवण्याचंही कारण नाही. खुद्द तो पेशंटसुद्धा योग्य अँटिबायोटिक सुरू झाल्यापासून २४ तासांनंतर वेगळा ठेवावा लागत नाही. ज्याला आजार झाला तो २४ तासांत मोकळा, आणि जिने त्याला वाचवायला हात लावला ती कितीतरी दिवस घरात कोंडलेली! हे वाचून माझा जीव कळवळला. तुमच्या रुग्णालयात संसर्ग नियंत्रण समिती असणारच. तिच्या प्रमुखांना लेखी अर्ज द्या, मेट्रनना प्रत द्या. अर्जात रडगाणं नको, चार वाक्यं पुरेत : मी श्वासमार्गाजवळ काम केलं, मला औषध मिळालं, मला लक्षणं नाहीत, स्वॅबची अट कोणत्या मार्गदर्शक सूचनेवरून घातली ते कळवावं आणि हे दिवस ड्यूटीतला संपर्क म्हणून पगारी धरावेत. मामांची आणि त्या रिसेप्शनवरच्या मुलीची सही सोबत घ्या. मामांना कदाचित हे कुणी समजावून सांगितलंही नसेल. ग्रुपवर तुमचा रिपोर्ट टाकणं ही स्वतंत्र आणि गंभीर चूक आहे, तीही अर्जात नोंदवा.

आता घरचं. सासूबाईंचा राग करू नका. त्यांनी मेंदूज्वराने गेलेलं एखादं मूल पाहिलं असेल. त्यांच्या पिढीत घराघरांत अशी एक तरी आठवण असते. त्यांच्याशी बोलताना ‘मला काही झालेलं नाही’ असं म्हणू नका, त्याने त्यांचं समाधान होणार नाही. म्हणा, “आई, हा जंतू दहातल्या एकाच्या घशात असतो. बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत आपण रोज अशांच्या शेजारी बसतो. माझा सापडला कारण माझा घसा तपासला. मी त्याचं औषध घेतलंय.” मुलाला जवळ घ्या. कुशीत घेऊन झोपा. त्याला वेगळ्या औषधाची गरज नाही, कारण तो पेशंटच्या नव्हे, तुमच्या सहवासात आहे, आणि तुम्ही आजारी नाही. त्याचं तोंडावर तोंड ठेवून लाड करणं, उष्टा चमचा देणं तेवढं टाळा. हे काही या जंतूपुरतं नाही, एरवीही बरं. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती मात्र घराबाहेर जाऊ द्या. धूम्रपान करणाऱ्यांत आणि त्यांच्या धुरात राहणाऱ्यांत हा जंतू जास्त आढळतो.

लक्ष कशावर ठेवायचं तेही सांगते, तुमच्यासाठी आणि घरच्यांसाठीही. अचानक चढलेला ताप, तीव्र डोकेदुखी, मान ताठणं, उजेड सहन न होणं, उलट्या, गुंगी, आणि अंगावर असे डाग की काचेचा पेला दाबून पाहिला तरी जात नाहीत. सावळ्या अंगावर डाग पटकन दिसत नाहीत, तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू पाहावी. ही लक्षणं दिसली तर ‘सकाळपर्यंत पाहू’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. पण त्या पहाटेपासून १० दिवस निभावले की त्या मुलाकडून आजार होण्याची भीती जवळपास संपली. हे छापून येईल तोवर ते संपलेलेही असतील.

लशीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी सांगणार, कारण त्यात आपल्याकडचा अभिमानाचा भाग आहे. मेनिंगोकॉकसच्या प्रथिन जोडलेल्या, म्हणजे कॉन्ज्युगेट लशी आजार टाळतातच, पण काही घशातली वस्तीही मोडतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली ए गटाची लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो या आफ्रिकी देशात दिली गेली. पुढे तिथल्या लोकांच्या घशातून ए गटाचा जंतू जवळजवळ नाहीसा झाला. ज्यांनी लस घेतली नव्हती त्यांच्याही. ज्या पट्ट्यात दर काही वर्षांनी हजारो मुलं दगावायची तिथे ए गटाच्या साथी थांबल्या. तीच संस्था आता पाच गटांची लस बनवते आणि ती २०२४ पासून नायजेरियात दिली जाऊ लागली. भारतात मेनिंगोकॉकसची लस सरकारी नेहमीच्या लसीकरणात नाही, खासगीत चार गटांची मिळते. हज यात्रेला जाणाऱ्यांना ती घ्यावीच लागते. तुम्ही आयसीयूत आहात, तुमच्यापेक्षा जास्त गरज तुमच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या मुला-मुलींना आहे, जे हा जंतू प्लेटवर वाढवून हाताळतात. प्रयोगशाळेत लागण झालेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास दगावल्याची नोंद आहे. त्यांच्यासाठी तरी व्यवस्थापनाने लस आणावी, असं समितीच्या बैठकीत जरूर मांडा.

नोकरी सोडण्याचा निर्णय या आठवड्यात घेऊ नका. ज्या मुलाच्या घशातली नळी मोकळी ठेवायला तुम्ही त्या पहाटे वाकलात, तो आज वॉर्डमध्ये बसून जेवतोय. ड्यूटीवर परत गेलात की त्याला एकदा भेटून या. आणि एक काम करा. तुमच्याकडे मास्कचा खोका बहुधा नर्सिंग स्टेशनवर असतो, बेडपासून पंधरा पावलं. पेशंट निळा पडत असताना ती पंधरा पावलं कुणी चालत नाही, मीसुद्धा चालले नसते. ट्यूब टाकायच्या ट्रेमध्येच, घशात पाहायच्या लॅरिंगोस्कोपच्या शेजारी, चार मास्क आणि दोन गॉगल ठेवायला इनचार्ज सिस्टरना सांगा. रोज सकाळी ट्रे तपासताना ब्लेडचा दिवा लागतो का पाहता, त्याच वेळी मास्क आहेत का तेही पाहायचं.